अपंग प्रौढांच्या घरांसाठी मदतनिधी मैफल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शारीरिक अपंगत्व असलेल्या प्रौढ माणसांच्या घरांसाठी गाण्याचा कार्यक्रम करायचा ठरला, की आयोजक, कलाकार, प्रेक्षक आणि त्या घरात राहायला जाणारी माणसं पुन्हापुन्हा काही प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कार्यक्रमातून आलेले पैसे नेमके कशावर खर्च करावेत?

घराचे खर्च दोन तऱ्हेचे असतात. जागा, बांधकाम, न्हाणीघराची फेररचना, लिफ्ट हे एकदाच होणारे. मदतनिसांचे पगार, वीजबिल, लिफ्टची देखभाल हे दर महिन्याचे. मैफलीतून पैसा एकरकमी येतो, म्हणून तो एकदाच होणाऱ्या आणि त्या रकमेत पुरं होणाऱ्या कामाला लावावा. 'घरासाठी मदत' असं मोघम लिहू नका. 'तीन न्हाणीघरं आणि छताला बसवलेले दोन होइस्ट' असं लिहा. (होइस्ट म्हणजे माणसाला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवणारं यंत्र.)

मैफलीच्या पैशातून पगार सुरू केले आणि पुढच्या वर्षी कार्यक्रम झाला नाही, तर मदतनिसाशिवाय अंथरुणातून उठताच न येणारा माणूस अडकतो. पगारांसाठीच पैसे हवे असतील तर किती महिन्यांची सोय होणार आणि त्यानंतरचा पैसा कुठून येणार, हे संस्थेकडून लेखी घ्या.

२. प्रौढांसाठी वेगळी घरं कशाला? आईवडील सांभाळतातच ना?

सांभाळतात, पण जमतं तोवरच. सत्तरीतल्या आईला साठ किलोच्या मुलाला रोज चार-पाच वेळा उचलणं जमत नाही. तिची कंबर गेली किंवा वडील आजारी पडले, की पस्तिशीतला माणूस एका रात्रीत इस्पितळात नाहीतर वृद्धाश्रमात जाऊन पडतो. घराची सोय अशी पाळी येण्याआधी, आईवडील धडधाकट असतानाच व्हायला हवी.

दुसरं कारण हक्काचं आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातलं १९ वं कलम सांगतं की कुठे आणि कोणाबरोबर राहायचं हे इतरांप्रमाणेच अपंग माणसानेही स्वतः ठरवायचं, त्याच्यावर विशिष्ट जागी राहण्याची सक्ती नको. अमेरिकेत बर्कली इथे १९७२ मध्ये अपंग माणसांनीच स्वतंत्र जगण्यासाठीचं केंद्र उभं केलं, तेव्हापासून ही मागणी जोर धरत गेली.

३. पैसे द्यावेत अशी संस्था कशी ओळखायची?

मागच्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेब आणि जागेची कागदपत्रं मागा. त्यानंतर चार प्रश्न विचारा: खोलीची किल्ली कोणाकडे असते? रात्री किती वाजता झोपायचं हे कोण ठरवतं? पाहुणा मुक्कामाला राहू शकतो का? संस्थेच्या कार्यकारिणीत रहिवासी आहेत का? 'सगळं आम्हीच बघतो' असं उत्तर आलं, तर ते घर नाही, वसतिगृह आहे. आमचं मत स्पष्ट आहे: अशा ठिकाणासाठी मैफल करू नये.

४. अशा घरात वेगळं काय असतं? खर्च कशाने वाढतो?

दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, उंबरठा नाही, व्हीलचेअर वळायला १५० सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा. न्हाणीघरात पाणी अडवणारी उंच कड नको, जमिनीलाच निचऱ्यापुरता हलका उतार. ओट्याखाली गुडघे जातील अशी सुमारे ७० सेंटिमीटर उंचीची पोकळी. बटणं बसलेल्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात, म्हणजे जमिनीपासून ९० ते ११० सेंटिमीटरवर.

या गोष्टी बांधतानाच केल्या तर वाढीव खर्च थोडा असतो. नंतर करायला गेलं की भिंती फोडाव्या लागतात. आधाराच्या दांडीला पूर्ण वाढलेल्या माणसाचं वजन पेलावं लागतं, पोकळ भिंतीत नुसते स्क्रू मारून ती टिकत नाही. होइस्टची पट्टी छताच्या मूळ बांधणीला जोडावी लागते, शोभेच्या खोट्या छताला नाही. हे दोन मुद्दे नकाशाच्या वेळीच निघाले नाहीत तर अंदाजपत्रक हमखास कोसळतं.

५. तिकीटविक्रीतून खरंच किती उरतं?

वाटतं त्यापेक्षा कमी. सूत्र साधं आहे: ठरलेला खर्च भागिले (तिकिटाचा दर वजा दर तिकिटामागचा खर्च) केलं, की ना नफा ना तोटा होण्यासाठी किती तिकिटं विकावी लागतील ते कळतं.

समजा तिकीट १०० चं आहे आणि छपाई, ऑनलाइन विक्रीचं शुल्क, कर मिळून त्यातले ८ जातात. उरले ९२. सभागृह, ध्वनियोजना, प्रवास, परवाने मिळून ठरलेला खर्च २७,६०० आहे. म्हणजे पहिली ३०० तिकिटं फक्त खर्च भागवतात. सभागृह ६०० खुर्च्यांचं असलं, तरी व्हीलचेअरसाठी काढलेल्या रांगा, निमंत्रित आणि ध्वनिमिश्रणाच्या टेबलामागच्या, रंगमंच न दिसणाऱ्या जागा वजा जाता विकायला ५४० उरतात. त्यातली ७० टक्के विकली गेली तर ३७८. तेव्हा घरासाठी उरतात ७८ गुणिले ९२, म्हणजे ७,१७६.

आता हाच २७,६०० चा खर्च प्रायोजकांनी उचलला तर घराला मिळतात ३७८ गुणिले ९२, म्हणजे ३४,७७६. प्रेक्षक तेवढेच, पैसे जवळजवळ पाचपट. म्हणून नियम असा: ठरलेला खर्च प्रायोजकांकडून लेखी मिळेपर्यंत तिकीटविक्री उघडायची नाही.

६. पैसे कोणाच्या खात्यात जमा करावेत?

आयोजकाच्या वैयक्तिक खात्यात कधीच नाही. ज्या संस्थेला घर उभारायचं आहे तिने या कार्यक्रमापुरतं वेगळं खातं ठेवावं, पैसे काढायला दोन सह्या लागाव्यात. दाराशी जमलेली रोख रक्कम दोघांनी एकत्र मोजून, आकडा लिहून, दोघांनी सही करून त्याच रात्री सीलबंद करायची.

करसवलतीची आणि निधी गोळा करण्याची परवानगी कार्यक्रमाच्या आधी घ्यायची. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सतारवादक रविशंकर आणि बीटल्समधले जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशासाठी केलेली मैफल हे ती आधी न घेतल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. तिकिटांचे सुमारे अडीच लाख डॉलर युनिसेफला पोचले. ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाचं कितीतरी मोठं उत्पन्न मात्र करसवलतीची व्यवस्था आधी न केल्यामुळे अमेरिकेच्या करखात्याच्या चौकशीत वर्षानुवर्षं अडकून राहिलं. हेतू चांगला आहे म्हणून करखातं थांबत नाही.

७. कलाकार मानधन घेणार नाहीत. मग लेखी करार कशाला?

मानधन नसलं तरी प्रवास, तालीम, वाद्यांची ने-आण, साथीदार हे खर्च उरतातच. ते कोणी करायचे, किती मिनिटं गायचं, ध्वनिचित्रमुद्रण करायचं का आणि त्याचं उत्पन्न कोणाचं, ऐनवेळी जमलं नाही तर किती दिवस आधी कळवायचं, हे एका पानावर लिहा. साथीदारांना मानधन द्याच. मुख्य गायकाला एक संध्याकाळ सोडणं परवडतं, तबलजीचं त्या दिवसाचं पोट त्यावर असतं. अपंग कलाकारांनाही इतरांइतकंच द्या. 'तुमच्याच लोकांसाठी आहे' म्हणून त्यांच्याकडून फुकट गाऊन घेणं गैर आहे.

गाण्यांच्या सार्वजनिक सादरीकरणाचा परवाना वेगळा असतो. कार्यक्रम मदतीसाठी आहे म्हणून तो आपोआप माफ होतो असं समजू नका, आधी विचारा.

८. सभागृहाचे व्यवस्थापक म्हणतात, 'आमच्याकडे व्हीलचेअरची सोय आहे.' तेवढं पुरे का?

नाही. टेप घेऊन जा, आणि सोबत इलेक्ट्रिक व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती असेल तर उत्तम. रस्त्यापासून खुर्चीपर्यंत आणि तिथून स्वच्छतागृहापर्यंत प्रत्यक्ष जाऊन बघा.

दाराची रुंदी चौकटीपासून चौकटीपर्यंत मोजू नका. दार उघडल्यावर फळी आणि समोरची चौकट यांच्यामध्ये जी फट उरते ती मोजा, पाच-सहा सेंटिमीटर तिथेच जातात. दुहेरी दार असेल तर एक झडप कडी लावून कायमची बंद असते आणि उरलेल्या साठ सेंटिमीटरमधून व्हीलचेअर जाऊ शकत नाही. त्या कडीची किल्ली कोणाकडे आहे ते त्याच दिवशी शोधा.

रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा उभा नको, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १.८ मीटर लांबी लागते. दोन फळ्या टाकून केलेला आखूड रॅम्प पुढून चढवताना खुर्ची मागे उलटवतो.

स्वच्छतागृहात बादल्या, पोछे, मोडक्या खुर्च्या भरून ठेवलेल्या असतात, त्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हलवल्या का ते बघा. कमोडच्या एका बाजूला ९० सेंटिमीटर मोकळी जागा हवी, दार बाहेर उघडायला हवं. धोक्याच्या घंटेची लाल दोरी जमिनीपासून सुमारे १० सेंटिमीटरपर्यंत लोंबायला हवी. सफाईला अडचण होते म्हणून ती वर गुंडाळून गाठ मारलेली असते, आणि फरशीवर पडलेल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही. गाठ सोडा.

कमोडवर बसताच न येणाऱ्या प्रौढांना आडवं व्हायला मोठा बाक आणि होइस्ट लागतो. ब्रिटनमध्ये 'चेंजिंग प्लेसेस' नावाची चळवळ यासाठी ३ बाय ४ मीटरच्या खोलीचा आग्रह धरते. सभागृहात अशी सोय नसेल तर कपडेपटाची एखादी खोली, घडीचा मजबूत बाक आणि हलता होइस्ट एवढं तरी करा. नाहीतर या लोकांना जमिनीवर निजवून कपडे बदलावे लागतात.

९. व्हीलचेअरच्या जागा किती ठेवाव्यात आणि कुठे?

सभागृहाच्या नेहमीच्या दोन-चार जागा या कार्यक्रमाला पुरणार नाहीत. बुकिंगच्या फॉर्मवरच विचारा: व्हीलचेअर आहे का, इलेक्ट्रिक की हाताची, खुर्चीतच बसणार की सभागृहाच्या आसनावर, मदतनीस सोबत आहे का. एका जागेला ९० बाय १४० सेंटिमीटर धरा. मदतनिसाची जागा शेजारी, मागच्या रांगेत नाही. त्याचं तिकीट घेऊ नका.

सगळ्या जागा एकाच कोपऱ्यात नकोत. पुढचे लोक टाळ्या वाजवायला उभे राहिले की बसलेल्याला काहीच दिसत नाही, म्हणून काही जागा उंचवट्यावर आणि काही अगदी पुढे ठेवा. शेवटच्या आठवड्यापर्यंत या जागा दुसऱ्या कोणाला विकू नका, कारण मदतनीस आणि गाडी यांची जुळणी झाल्याशिवाय अनेकांना तिकीट काढताच येत नाही.

१०. मध्यंतर किती मिनिटांचं ठेवावं?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण कार्यक्रम इथेच बिघडतो. वीस व्हीलचेअर, प्रत्येकाला स्वच्छतागृहात सात मिनिटं आणि सोयीचं स्वच्छतागृह एकच, असा हिशेब केला तर १४० मिनिटं होतात. तीन स्वच्छतागृहं असली तरी पाऊण तास. म्हणून जादा फिरती स्वच्छतागृहं आणा, मध्यंतर अर्ध्या तासाचं करा, आणि गाणं चालू असतानाही ये-जा करायला मोकळीक आहे असं सुरुवातीलाच जाहीर करा. हे जाहीर केलं नाही तर लोक दिवसभर पाणी न पिता येतात.

येतानाचं गणितही असंच. मागून रॅम्प उघडणाऱ्या गाडीला मागे तीन मीटर मोकळी जागा लागते आणि एक माणूस उतरायला पाच-सात मिनिटं जातात. दारं दीड तास आधी उघडा.

११. व्हीलचेअरवरचा कलाकार रंगमंचावर कसा जाणार?

९० सेंटिमीटर उंचीच्या रंगमंचाला १:१२ ने १०.८ मीटरचा रॅम्प लागतो, मधला दीड मीटरचा सपाट टप्पा धरून १२ मीटरच्या वर. विंगेत एवढी जागा क्वचितच असते. मग दोन पर्याय उरतात: भाड्याची उभी लिफ्ट, किंवा प्रेक्षागृहाच्या पातळीवर बुटकं व्यासपीठ करून सगळ्यांनीच तिथून गाणं. चार जणांनी खुर्चीसकट उचलून नेणं हा पर्याय नाही. त्यात पडायची भीती असते, आणि शेकडो लोकांसमोर कोणालाही सामानासारखं उचलू नये.

१२. मैदानात कार्यक्रम केला तर?

गवत आणि खडी यात व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं रुततात, म्हणून प्रवेशद्वारापासून बैठकीपर्यंत सलग कडक पट्ट्या अंथराव्या लागतात. ध्वनियोजनेच्या वायरींवरचे रबरी उंचवटे ओलांडता येत नाहीत. वायरी वरून न्या किंवा उंचवट्याला दोन्हीकडून लांब उतार द्या. पाऊस आला तर इलेक्ट्रिक खुर्ची भिजते, म्हणून छताखालची जागा सगळ्या खुर्च्या मावतील एवढी हवी.

१३. आवाज, प्रकाश आणि धूर यांचं काय?

धुराचं यंत्र नको. श्वसनयंत्र वापरणारे आणि दमेकरी यांना त्याचा त्रास होतो. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारे दिवे नकोत, त्याने फिट येऊ शकते. श्वसनयंत्र आणि खुर्च्या चार्ज करायला ध्वनियोजनेपासून वेगळ्या सर्किटवरचे सॉकेट आणि जनरेटर किंवा बॅटरीचा आधार ठेवा. काहींच्या तोंडून न ठरवता आवाज निघतात. त्यांना गप्प करायला कोणीही स्वयंसेवक जाणार नाही, हे स्वयंसेवकांना आधीच सांगा.

१४. आग लागली तर एवढ्या व्हीलचेअर बाहेर कशा काढायच्या?

म्हणूनच तळमजल्यावरचं सभागृह घ्या. आगीत लिफ्ट वापरता येत नाही, आणि इलेक्ट्रिक खुर्चीच नुसती बऱ्याचदा १०० किलोच्या पुढे असते, ती जिन्यावरून कोणी उचलू शकत नाही. वरच्या मजल्यावरच घ्यावं लागलं तर आगीपासून सुरक्षित थांबायची जागा, जिन्यावरून उतरवायच्या खास खुर्च्या आणि त्या चालवायला शिकलेली माणसं लागतात. किती व्हीलचेअरना परवानगी आहे हे अग्निशमन अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या आणि तेवढीच तिकिटं द्या. मधल्या वाटेत जादा खुर्ची घुसवू नका, मग ती कोणा मान्यवराची का असेना.

१५. रहिवाशांची कहाणी रंगमंचावरून सांगितली तर देणग्या वाढतात. सांगावी का?

ज्याची कहाणी आहे त्याने स्वतः, स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःहून तयार असेल तरच. लेखी संमती घ्या, आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीही ती मागे घेता येईल असं त्यात लिहा. घर मिळणं आणि रंगमंचावर येणं यांचा एकमेकांशी संबंध नाही हे संस्थेने सांगायला हवं, नाहीतर 'हो' म्हणणं हे खरं 'हो' नसतं. आजाराचे तपशील, न्हाणीघरातले फोटो, घराचा पत्ता कधीच नाही. रडवून पैसे मिळतात, पण उद्या शेजारी याच माणसांकडे त्याच नजरेने बघतात. न्हाणीघराचा आराखडा पडद्यावर दाखवा आणि कशाला किती लागेल ते सांगा, लोक त्यालाही देतात.

१६. तिकिटाच्या पूर्ण रकमेवर करसवलत मिळते का?

बहुतेक ठिकाणी नाही, कारण तिकीट म्हणजे कार्यक्रम बघण्याची किंमत, देणगी नव्हे. म्हणून बुकिंगच्या पानावर तिकीट आणि देणगी या दोन वेगळ्या ओळी ठेवा आणि पावत्याही वेगळ्या द्या. आकडे सनदी लेखापालाकडून तपासून घ्या.

१७. कार्यक्रम रद्द झाला तर तिकिटाचे पैसे देणगीत जमा धरायचे का?

विचारल्याशिवाय नाही. तीन पर्याय द्या: पैसे परत, पुढच्या तारखेचं तिकीट, किंवा देणगी. उत्तर आलं नाही तर पैसे परत. म्हणूनच कार्यक्रम होईपर्यंत तिकिटांचे पैसे खर्च करायचे नसतात.

१८. ठरलेल्या कामापेक्षा पैसे कमी पडले, किंवा जास्त झाले तर?

तिकिटावरच एक वाक्य छापा: कमी पडले तर कोणतं काम आधी होईल, जास्त झाले तर ते कशाला जातील, आणि घराचं कामच बारगळलं तर पैसे कोणत्या संस्थेला दिले जातील. हे नंतर ठरवायला बसलं की भांडणं होतात आणि पैसा बँकेत पडून राहतो. एक न्हाणीघर पूर्ण होणं तीन अर्धवट राहण्यापेक्षा बरं, म्हणून कामांचा क्रम रहिवाशांकडून ठरवून घ्या.

१९. पैसे सरळ रहिवाशाच्या हातात दिले तर?

सांभाळून. काही देशांत अपंगत्वाचा भत्ता शिल्लक रकमेवर अवलंबून असतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या भत्ता योजनेत एकट्या माणसाकडे मोजणीत येणारी मालमत्ता २,००० डॉलरच्या वर गेली की भत्ता थांबतो. चांगल्या मनाने दिलेला धनादेश त्याचं महिन्याचं उत्पन्न आणि कधीकधी वैद्यकीय मदतही घालवतो. घराच्या कामासाठी पैसे संस्थेला द्या. एखाद्याला खुर्ची हवी असेल तर विक्रेत्याचं बिल थेट चुकतं करता येतं का, आणि तसं केलेलं भत्त्यात मोजलं जातं का, हे नियम जाणणाऱ्याकडून आधी समजून घ्या.

२०. हिशेब कधी आणि कसा जाहीर करावा?

तीस दिवसांत, एका पानावर: एकूण तिकिटं, प्रायोजकांचे पैसे, देणग्या, खर्चाच्या बाबी, घराला दिलेली रक्कम. काम पूर्ण झाल्यावर दुसरं पान, प्रश्न १ मध्ये जे लिहिलं होतं त्यातलं किती झालं ते सांगणारं.

२१. आम्ही देणगी दिली आहे. तयार झालेलं घर बघायला येऊ का?

माणसं राहायला येण्याआधी संस्था एक दिवस सगळ्यांसाठी खुला ठेवू शकते, तेव्हा जरूर या आणि दारांची रुंदी मोजून बघा. ती राहायला आल्यानंतर मात्र ते त्यांचं घर आहे. तिथे जायचं तर त्यांच्यापैकी कोणी बोलावलं तरच.